वंश, जात आणि बुद्धी : पुरावा नेमका कोणी द्यायचा?

कडकभाकरी (धागाकर्ती)

मंडळी, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर परवा एक तक्ता फिरला. देशांची नावं आणि पुढे सरासरी बुद्ध्यांक. भारतापुढे ऐंशीच्या आसपासचा आकडा, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांपुढे त्याहून खालचा. तासाभरात गाडी देशांवरून जातींवर आली. कुणी लिहिलं, अमुक समाजाची पोरं गणितात जन्मतःच पुढे असतात. दुसऱ्यानं लिहिलं, सेटलमेंटकडच्या (इंग्रजांनी "गुन्हेगार" ठरवलेल्या जमातींना ठेवलेली सोलापुरातली जुनी वस्ती) मुलांना कितीही शिकवा, त्यांच्या रक्तातच नसतं. मी विचारलं, याला आधार काय? उत्तर आलं : "तसं नसतं हे तुम्ही सिद्ध करा." त्यावर भराभर अंगठे.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर असतात. घरी तेलुगू, गल्लीत दखनी नाहीतर कन्नड, आणि शाळेत मराठी. त्या मुलांबद्दल कुणी असं सहज बोललं की माझा जीव तुटतो. दावा करणाऱ्यानंच पुरावा द्यावा, हे माझं मत आहे. पण गटातल्या एका अभ्यासू गृहस्थांनी विचारलं, "सगळे समान हाही दावाच की. त्याचा पुरावा तुम्ही का देत नाही?" याला नीट उत्तर काय द्यायचं? जाणकारांनी लिहावं.

पार्कचौक

मे महिन्यात दुपारी दोन वाजता, लाइट गेलेली असताना चाचणी घ्या म्हणावं. सगळ्या सोलापूरचा आकडा चाळिसाच्या खाली येतो की नाही बघा. त्यात सगळ्या जाती एकदम समान निघतील!

शाबिती

मी वकिली करतो, म्हणून माझ्या बाजूनं सांगतो. पुराव्याच्या कायद्यात हे १८७२ पासून स्पष्ट आहे. जुन्या कायद्याचं कलम १०१, २०२३ च्या नव्या कायद्यात कलम १०४. एखाद्या वस्तुस्थितीच्या जोरावर कोर्टाकडून काही मागायचं असेल, तर ती वस्तुस्थिती मागणाऱ्यानं शाबीत करायची.

लोक पुढची गोष्ट विसरतात. ही जबाबदारी कोणावर आहे याचा खरा कस लागतो तो पुरावा अपुरा असताना. दोन्हीकडून ठोस काही आलं नाही, तर हरायचं कोणी? ज्याच्यावर जबाबदारी होती त्यानं. आरोपी सुटतो तेव्हा तो निर्दोष असल्याचं कोणी सिद्ध केलेलं असतंच असं नाही. त्याला शिक्षा देण्याइतकं काही समोर आलं नाही, एवढंच. तुमच्या त्या गृहस्थांना सांगा, वर्गातल्या पोराला समान वागवायला आधी समानतेचा दाखला लागत नाही. त्याला वेगळं वागवायचं असेल तर मात्र दाखला लागतो.

मध्यमान

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा न्यायाचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण धागा विज्ञानाबद्दलही आहे, आणि विज्ञानात आरोपी कोणी नसतो. "फरक शून्य आहे" हे विधान "फरक आहे" याच्याइतकंच ठाम आहे. उंची, त्वचेचा रंग, दूध पचवण्याची क्षमता यांत वेगवेगळ्या लोकसमूहांत सरासरी फरक आहेत आणि त्यामागे जनुकं आहेत. मग मेंदूच तेवढा अपवाद का? शिवाय जुळ्यांच्या अभ्यासांतून प्रौढांच्या बुद्ध्यांकाची आनुवंशिकता, म्हणजे एका गटातल्या माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा, पन्नास टक्क्यांच्या वर येते. एवढं असताना "आमच्या बाजूनं काही सिद्ध करायची गरजच नाही" म्हणणं मला पळवाट वाटते.

मी कोणाला कमी लेखत नाही. पण चर्चा करायची तर ती दोन्ही बाजूंनी होऊ द्या.

मालदांडी

@मध्यमान, आनुवंशिकतेचा आकडा तुम्ही ज्या जागी ठेवलात तिथं तो बसत नाही. हा घोटाळा इतका जुना आहे की रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं १९७० सालीच त्यावर बियाण्याचं उदाहरण दिलं होतं. मी ते आपल्या मातीत सांगतो.

ज्वारीच्या एकाच पोत्यातून दोन मुठी बी काढा. त्यात थोडं उंच वाढणारं, थोडं बुटकं, सगळं मिसळलेलं आहे. एक मूठ मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरा, दुसरी मुरमाड माळावर. काळ्या रानात माती सगळीकडं सारखी, म्हणून तिथल्या दोन ताटांत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. माळावरही तसंच. म्हणजे दोन्ही रानांत आनुवंशिकता शंभर टक्के. आणि काळं रान नि माळ यांच्या सरासरी उंचीतला फरक? तो सगळा मातीचा. बी तर एकाच पोत्यातलं होतं.

तर गटाच्या आतली आनुवंशिकता कितीही असो, तिच्यावरून दोन गटांमधल्या फरकाचं कारण कळत नाही. ते कारण जनुकीय आहे असं म्हणायचं, तर त्याचा वेगळा पुरावा आणावा लागतो, आणि तो अजून कोणी आणलेला नाही. २०१८ साली अकरा लाख लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. शिक्षणाची किती वर्षं पूर्ण झाली याच्याशी जोडलेली जनुकीय चिन्हं त्यांनी शोधली. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांवरून शिक्षणातल्या फरकापैकी ११ ते १३ टक्क्यांचा अंदाज बांधता आला. तीच मोजपट्टी आफ्रिकन-अमेरिकन लोकांना लावली तर दोन टक्केसुद्धा नाही. जी पट्टी एका गटाबाहेर गेली की निकामी होते, तिच्यावर दोन गटांची तुलना कशी करणार?

उसाचा_फड

मालदांडी, ज्वारीच्या वाणाचं नाव घेतलंय, एकदम शोभतंय बघा. यंदा हुरडा कुठं चांगला मिळायलाय?

मालदांडी

मंगळवेढ्याच्या बाजूला या थंडीत. शेंगाचटणी आमच्याकडची.

पार्कचौक

मीपण येणार. दही मी आणतो.

जुनीमिल

हुरड्याचं ठरलं असेल तर पुढं बोलू. 😀

मला या चाचण्यांचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण पुराव्याची जबाबदारी उलटी केली की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत द्यायला. हा जन्मजात, न बदलणारा गुण आहे असं समजू नका, असं बिने स्वतः बजावत होता. तो १९११ साली वारला. चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थच पालटला.

पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यात सतरा लाखांवर भरतीवाल्यांना या चाचण्या दिल्या. ते आकडे घेऊन कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. आता गंमत नाही, दुःख आहे ते ऐका. त्याच्याच आकड्यांत असं दिसत होतं, की अमेरिकेत वीस वर्षं राहिलेले स्थलांतरित जवळजवळ तिथल्यांइतकेच गुण मिळवतात आणि नुकतेच आलेले कमी. भाषा आणि सराव हे साधं कारण समोर होतं. त्यानं अर्थ लावला, की अलीकडं येणारं रक्तच हलकं आहे! १९२४ साली दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. १९३० साली ब्रिगमनं आपला निष्कर्ष जाहीरपणे मागं घेतला, अशा चाचण्यांवरून राष्ट्रांची किंवा वंशांची तुलना करता येत नाही असं लिहिलं. कायदा मात्र १९६५ पर्यंत मूळ साच्यातच टिकला. १९३० च्या दशकात युरोपातून जीव वाचवायला निघालेल्यांना त्याच मर्यादा आडव्या आल्या.

ऑटो क्लाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली दाखवलं, की दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णी मुलांचे गुण तिथं राहिलेल्या वर्षांबरोबर वाढत जातात. हे ब्रिगमला तपासता आलं असतं. त्याला तपासायची गरज वाटली नाही, कारण सिद्ध करायचं ओझं त्यानं दुसऱ्यावर टाकलेलं होतं.

वाचनवेडी

@जुनीमिल, सुंदर लिहिलंत. मला इरावती कर्वे आठवल्या. त्या १९२७ साली बर्लिनला गेल्या, ओइगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करायला. फिशरचं गृहीतक असं, की गोऱ्या युरोपीयांची तर्कबुद्धी वरचढ, म्हणून त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत इतर वंशांपेक्षा जास्त असमानता असणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक काही सापडला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. परक्या देशात, विशीतली एकटी मराठी बाई, समोर ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे तो माणूस! माझा ऊर भरून येतो. त्याच फिशरची संस्था पुढे नाझी राजवटीत ऱ्हाइनलँडच्या मिश्रवंशीय मुलांच्या सक्तीच्या नसबंदीत सामील होती.

इथं दावा करणाऱ्यानं निदान कसोटी तरी मांडली होती. कसोटीत दावा पडला, तरी दावा करणाऱ्यानं तो सोडला नाही.

चष्मेवाला

मूळ तक्त्याबद्दल कोणीच बोललं नाही. तो बहुतेक लिन हा मानसशास्त्रज्ञ आणि व्हॅन्हानेन हा राज्यशास्त्रज्ञ यांच्या २००२ च्या आकड्यांवरून आलाय. त्यांनी १८५ देशांना आकडे दिले, पण चाचण्यांची माहिती होती फक्त ८१ देशांची. उरलेल्या १०४ देशांचे आकडे शेजारच्या देशांवरून अंदाजानं भरले. विषुववृत्तीय गिनीचा आकडा तर स्पेनमधल्या, बौद्धिक वाढ मागं पडलेल्या मुलांच्या संस्थेतून उचललेला. २०१० साली विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी सहाराखालच्या आफ्रिकेचे अभ्यास नीट निवडून पुन्हा मोजले, तेव्हा सरासरी ऐंशीच्या आसपास आली. लिन सत्तरच्या खाली सांगत होता. २०२० साली मानसशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकातला, याच आकड्यांवर बेतलेला लेख मागं घ्यावा लागला.

आणि ऐंशी तरी कशाचे? नेदरलँड्समध्ये सैन्यात आलेल्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत वीस अंकांच्या आसपास वाढले. जेम्स फ्लिननं हे चौदा देशांत दाखवलं. एका पिढीत जनुकं पालटत नाहीत. म्हणजे वातावरण एवढा मोठा फरक पाडू शकतं हे तरी नक्की झालं. मग तेवढ्याच किंवा त्याहून लहान फरकाला "रक्त" हे कारण देणाऱ्यानं वातावरण आधी बाजूला काढून दाखवायला नको?

मध्यमान

तक्त्याचं समर्थन मी करणार नाही, तो टाकाऊच आहे. मालदांडींचा मुद्दाही मान्य. आनुवंशिकतेवरून थेट निष्कर्ष निघत नाही.

पण तो उलटही निघत नाही, हे लक्षात घ्या. आयफर्थचा १९६१ चा जर्मनीतला अभ्यास नेहमी दाखवतात : गोऱ्या जर्मन आया, वडील अमेरिकन सैनिक, काही कृष्णवर्णी, काही गोरे, दोन्हींच्या मुलांची सरासरी जवळपास सारखी. वजनदार पुरावा आहे. पण वडिलांची माहिती कोणाकडं नव्हती, आणि सैन्यानं भरतीच निवडून केलेली होती. अमेरिकेतल्या मिनेसोटात गोऱ्या घरांत दत्तक गेलेल्या वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या अभ्यासाचे अर्थ दोन्ही बाजू आपापल्या परीनं लावतात. माझं म्हणणं इतकंच, की "आम्ही सिद्ध केलंय, फरक जनुकीय नाही" असं कोणी म्हणत असेल तर त्यालाही तीच मोजपट्टी लावा.

चष्मेवाला

लावूच की. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या समितीनं १९९६ च्या अहवालात नेमकं हेच लिहिलं : कृष्णवर्णी आणि गोऱ्या अमेरिकनांच्या सरासरीतल्या फरकाचं पुरेसं स्पष्टीकरण आज कोणाकडं नाही, आणि जो थोडा थेट पुरावा आहे तो जनुकीय कारणाला दुजोरा देत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात. लोक पहिलं वाचतात आणि थांबतात.

उसाचा_फड

मी शेतकरी माणूस, पण एक अभ्यास मला पटला कारण तो आमचाच वाटला. तामिळनाडूतले ४६४ ऊस शेतकरी घेतले. तोडणीआधी, म्हणजे हात रिकामा, उधारी डोक्यावर, तेव्हा एकदा चाचणी घेतली. तोडणी होऊन पैसे आल्यावर त्याच माणसांची पुन्हा घेतली. पैसे आल्यावर गुण चांगलेच वाढले. २०१३ साली छापून आलंय. माणूस तोच, रक्त तेच, डोकं तेच. बिल जमा झालं एवढाच फरक.

आमच्याकडं कारखान्याचं बिल थकलेलं असताना मला पोरीच्या फीचा हिशेबसुद्धा दोनदा करावा लागतो. विडी वळणाऱ्या बाईच्या पोराचं काय होत असेल?

मध्यमान

फड, अभ्यास चांगला आहे. फक्त एक सांगतो : त्यावर आक्षेपही आले आहेत. चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावानं गुण वाढतात, लेखकांनी त्याची काळजी घेतली होती, तरी वाद आहे. उत्तर प्रदेशातला हॉफ आणि पांडे यांचा अभ्यासही असाच गाजला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. सगळ्यांसमोर जात पुकारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक जवळपास नव्हता. पुकारली तेव्हा दलित मुलांचे गुण घसरले. मला तो अभ्यास मनापासून आवडतो. पण अशा प्रयोगांचे निकाल पुढं सगळीकडं तितक्याच जोरात आलेले नाहीत. आपल्या आवडीच्या निष्कर्षालाही सूट देऊ नये.

कडकभाकरी

@मध्यमान, हे आवडलं. आणि ते वाचताना पोटात कालवलंही. शाळेत शिष्यवृत्तीची यादी वाचताना आजही वर्गासमोर जात पुकारली जाते. अभ्यासाचा निकाल काहीही लागो, ते थांबलंच पाहिजे.

तारेपलीकडे

मी सहसा नुसतं वाचतो. आज लिहितो, कारण पहिल्याच पोस्टमध्ये आमच्या भागाचं नाव आलंय.

माझे आजोबा सेटलमेंटमध्ये जन्मले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, नंतर तो आपल्या इलाख्यालाही लावला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित केली की त्यात जन्मलेलं मूल गुन्हेगार. त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान द्यायची सोयच कायद्यानं बंद केलेली. कैकाडी, पारधी, टकारी, कितीतरी लोक. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी घ्यायची, दिवसा गिरणीत राबायचं, परत तारेआड यायचं. आजोबा सांगायचे, हजेरी चुकली तर विचारपूस नाही, थेट शिक्षा.

३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही कायद्यानं विमुक्त झालो. वकीलसाहेबांनी जबाबदारी कोणावर ते छान सांगितलं. आमच्यासारख्या जमातींवर देशात ऐंशी वर्षं ती उलटी होती. कोणताही गुन्हा न करता, आम्ही चोर नाही हे रोज सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध करायची जागाच नाही. त्या काळीही ते विज्ञान म्हणूनच सांगत होते, रक्तात असतं म्हणून.

आता "रक्तात चोरी असते" असं कोणी उघड म्हणत नाही. "रक्तात गणित नसतं" म्हणतात. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण तिचं उदाहरण मला द्यायचं नाही. ती नापास झाली असती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

वाचनवेडी

दादा, लिहीत राहा. शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

पार्कचौक

काय बोलू? नमस्कार घ्या.

मध्यमान

@तारेपलीकडे, तुमचं लिहिणं वाचून थांबलो. विचार केला. संशोधन होऊ नये असं मला अजूनही वाटत नाही. प्रश्न विचारायला बंदी घातली की ते अशा तक्त्यांवाल्यांच्या हातात जातात. पण संशोधकानं मांडलेलं गृहीतक आणि सोसायटीच्या गटावर एखाद्या वस्तीबद्दल केलेलं विधान या दोन गोष्टींना मी एकाच तागडीत तोलत होतो. दुसऱ्याची जबाबदारी कितीतरी मोठी आहे.

शाबिती

@मध्यमान, हेच. चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतं, त्यावर पुरावा किती कडक हवा ते ठरतं. दिवाणी दाव्यात पारडं झुकलं तरी चालतं, फौजदारीत वाजवी शंका उरता कामा नये. एखाद्या समाजाच्या मुलांबद्दल "जन्मतः कमी" म्हणायचं, तर चुकीची किंमत म्हणणारा मोजत नाही, ती मुलं मोजतात. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशानं एकच, तसंच मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया. जात म्हणजे वंशाची सीमा नव्हे. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती, तिच्या विरोधात हे उभं राहिलं. नव्वद वर्षं होत आली. तरी प्रत्येक पिढीत पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला आपल्यालाच उभं करतात.

कडकभाकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, गटावर ते माझ्या शब्दांत लिहिलंय. कोणी अंगठा दिलेला नाही, पण तो तक्ता टाकणाऱ्यांनी तो काढून टाकला.

आता एक खरी अडचण. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, घरी फक्त तेलुगू. एका ठिकाणी त्याची बुद्ध्यांक चाचणी झाली आणि कागदावर "बौद्धिक अक्षमता" लिहून आलं. चाचणी मराठीत घेतली होती. हा मुलगा दुकानाचा हिशेब तोंडी करतो, धाकट्या बहिणीला शाळेत आणतो-नेतो. आई म्हणते, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असेल. काय करू?

चष्मेवाला

मराठीत घेतली? आपल्याकडं धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकातच बिने चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये वेगवेगळी बसवली, आणि १९५५ मध्ये सी. एम. भाटियांनी न वाचता-लिहिता हातानं करायच्या कृतींची चाचणी आणली. मुलाच्या भाषेत तपासायचं हे तेव्हाच कळलेलं होतं. तेलुगू येणारा, कृतींची चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ शोधा.

शाबिती

ताई, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत : बौद्धिक क्षमतेत मोठी मर्यादा, आणि रोजच्या जगण्यातल्या वागण्यातही मर्यादा. नुसत्या आकड्यावर ते लिहिता येत नाही. हिशेब करणाऱ्या, बहिणीला सांभाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत दुसरा भाग तपासला का, हे विचारायचं. चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, तिचे निकष कोणत्या मुलांवर आणि कोणत्या साली बसवले, सगळं लेखी मागायचं. उत्तर देणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. मुलाच्या आईला घेऊन रविवारी या, अर्ज मी लिहून देतो. फी नाही.

तारेपलीकडे

मला तेलुगू येतं. आईशी बोलायला मी येतो.